इंटर्नशिप सोलापूर जिल्ह्यात: आधी गव्हाण बघा, मग जनावर

बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. शिरवळ, उदगीर किंवा परभणीच्या कॉलेजातून सोलापूर जिल्ह्यातल्या दवाखान्यात आलं की आठवडाभरात एक गोष्ट ध्यानात येते. कॉलेजात जिवाणू, विषाणू, परजीवी असं सगळं रीतसर शिकवलेलं असतं आणि विषबाधेचं प्रकरण परीक्षेच्या तोंडावर उरकलेलं असतं. इथे गाडी उलटी चालते. घटसर्प, फऱ्या, लाळ्या खुरकूत यांच्या लसी होतात, त्यामुळे त्यांचा जोर बराचसा आवरलेला असतो. रात्री-अपरात्री फोन येतो तो बहुतेकदा पोटात गेलेल्या कशासाठी तरी.

याचं कारण जिल्ह्याच्या जमिनीत आहे. वर्षाचा पाऊस साधारण साडेपाचशे मिलिमीटर, तोही लहरी. पण 1980 मध्ये उजनी धरण पुरं झालं आणि भीमेच्या दोन्ही अंगांना ऊस आला. त्यामुळे पंढरपूर, माळशिरस, माढा, मोहोळ या पट्ट्यातली जनावरं उसाच्या वाढ्यावर (तोडलेल्या उसाच्या हिरव्या शेंड्यांवर), तर मंगळवेढा, सांगोला, अक्कलकोटच्या कोरड्या भागातली ज्वारीच्या कडब्यावर. दुष्काळ पडला की मिळेल त्यावर. वैरण बदलली की दुखणं बदलतं, म्हणून तालुका कुठला हे कळलं की निम्मं निदान झालंच असं समजायला हरकत नाही. उरलेलं निम्मं गोठ्यात सापडतं.

पहिले काही दिवस औषधाच्या वाटेला कुणी जाऊ देत नाही, आणि तेच बरं. जनावर धरायला शिका, नाहीतर बाकी सगळं फुकट. दवाखान्यातला परिचर आणि व्रणोपचारक हे या कामातले खरे मास्तर, त्यांच्याकडून दोरीच्या गाठी शिकून घ्याव्यात. खिलार बैल अनोळखी माणसाला बुजतो. मालक मोरकी धरून पुढे उभा असल्याशिवाय मागे जाऊ नये, आणि अंगाला हात लावताना आधी आवाज द्यावा. पंढरपुरी म्हशीची गोष्ट निराळी. स्वभाव गरीब, पण शिंगं खांद्याच्या मागे जाणारी. खोड्यात (जनावर अडकवून तपासायच्या चौकटीत) डोकं घातल्यावर शिंग आडव्या दांड्यात अडकतं, ती घाबरून मान फिरवते आणि शिंगाचं बूड दुखावतं. म्हणून तिला खोड्यात घेताना डोकं तिरपं करून आत घ्यायचं आणि कासरा शिंगाच्या बुडाशी आवळायचा, टोकाशी कधीच नाही.

जनावर पाडायची वेळ आली तर दहा-बारा मीटर लांबीचा सुती दोर लागतो. गळ्याभोवती न आवळणारी गाठ, मग खांद्यामागे छातीभोवती एक वेढा, कासेच्या पुढे पोटाभोवती दुसरा, आणि दोर सरळ मागे ओढायचा. जोर फारसा लागत नाही, जनावर आपसूक बसतं. चुका दोनच होतात. गळ्याला सरकती गाठ बसली तर श्वास कोंडतो. मागचा वेढा कासेवर आला तर दुधाच्या शिरा चेंगरतात. पोट भरलेलं जनावर पाडू नये. पाडलंच तर उजव्या कुशीवर, म्हणजे कोठीपोट (रवंथ करणाऱ्या जनावराचं डाव्या बाजूचं मोठं पोट) वर राहतं.

ताप बघणं सोपं वाटतं, तरी नवखा हमखास चुकतो. थर्मामीटर शेणात रुतला की पारा खाली दाखवतो. तो आतड्याच्या भिंतीला टेकवून दोन मिनिटं धरायचा. गाय-म्हैस 101 ते 102 फॅरेनहाइट ठीक. मेच्या दुपारी उन्हात बांधलेली म्हैस 103 दाखवेल. तिला आधी सावलीत घ्या, पाणी मारा, तासाभराने परत बघा, मग ठरवा ताप आहे का. त्यानंतर डाव्या भकाळीवर (बरगड्यांमागच्या खळग्यावर) मूठ ठेवून कोठीपोटाची हालचाल मोजायची, दोन मिनिटांत दोन-तीन लाटा यायला हव्यात.

मग विचारपूस. "काय खाल्लं?" या प्रश्नाला ठरलेलं उत्तर "रोजचंच की डॉक्टर, येगळं काय न्हाई." ते ऐकून वहीत लिहू नये. गव्हाणीत हात घालून बघा, शेणाचा रंग बघा, कडब्याची गंज मागच्या बाजूने बघा, बुरशी तिथे असते. ठिबकची टाकी कुठे आहे, फवारणीच्या बाटल्या कुठे टाकतात, परवा गावात लग्न होतं का, हेही विचारा. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत बाईमाणूस गोठा सांभाळत असेल आणि ती कानडी बोलत असेल, तर आकळ (गाय), एम्मी (म्हैस), मेवू (वैरण), नीरू (पाणी) एवढे शब्द तरी जिभेवर असावेत. मालक फोनवर पुण्यात असतो. वैरण टाकणारी बाई समोर असते, आणि खरं तिलाच माहीत असतं.

कारखान्याची धुराडी पेटली की उसाच्या पट्ट्यात वाढ्याचा हंगाम सुरू होतो. हिरवीगार, फुकट किंवा स्वस्त वैरण, जनावरंही आवडीने खातात. पण वाढ्यात ऑक्झलेट असतं. ते कॅल्शियमला धरून ठेवतं आणि ते कॅल्शियम अंगी न लागता शेणावाटे जातं. दोन-तीन महिने नुसत्या वाढ्यावर काढलेली, चांगल्या दुधाची, तिसऱ्या-चौथ्या वेताची गाय व्यायली की पहिल्या तीन दिवसांत बसते. मान कुशीकडे वळलेली, कान गार, नाकपुडी कोरडी, ताप नाही, उलट पारा 100 च्या खाली. हा दुग्धज्वर. नाव ज्वर असलं तरी अंग थंड असतं.

यात इंटर्नच्या हातात पहिल्यांदा कॅल्शियम बोरोग्लुकोनेटची 450 मिलीची बाटली येते आणि परीक्षा सुरू होते. सलाईन लावण्याआधी कास तपासा, चारही सडांची धार बघा. दगडी (कासेचा दाह) झालेली गायही व्यायल्यावर अशीच गार पडून बसते. दगडीचं विष रक्तात उतरलेलं असताना शिरेतून कॅल्शियम गेलं तर हृदय बंद पडू शकतं. कास स्वच्छ असेल तरच पुढे.

मानेच्या खाचेत अंगठ्याने दाब द्या, शीर फुगून वर येते. चौदा किंवा सोळा गेजची सुई तिरपी घाला, रक्ताची धार सलग लागली की नळी जोडा. थेंब-थेंब रक्त येत असेल तर सुई शिरेत नीट बसलेली नाही. तशीच नळी जोडली तर कॅल्शियम शिरेबाहेर कातडीखाली जातं, मान सुजते, कधी कातडी गळून पडते. बाटली पंधरा-वीस मिनिटांत संपली पाहिजे, त्याआधी नाही. एका हातात बाटली, दुसऱ्या हाताने डाव्या कोपराखाली स्टेथोस्कोप. ठोके सुरुवातीला सावकाश आणि ठसठशीत होतात, ते चांगलं लक्षण. ठोका चुकायला लागला, अडखळला, की बाटली लगेच खाली. दोन-तीन मिनिटं थांबून मग आणखी मंद गतीने. अर्धी बाटली शिरेतून आणि अर्धी कातडीखाली दिली तर परत बसण्याची शक्यता कमी होते. काम होत असेल तर मांड्यांचे स्नायू थरथरतात, नाकपुडीवर घाम येतो, ढेकर येतो, शेण पडतं, आणि तासाभरात गाय उठून उभी राहते.

यातलं सगळ्यात मोठं नुकसान डॉक्टर पोचण्याआधीच झालेलं असतं. बसलेल्या गाईला घरच्यांनी गूळपाणी किंवा तेल पाजलेलं असतं. तिचं गिळणं मंदावलेलं, मग ते फुप्फुसात जातं. कॅल्शियमने गाय उठते आणि चार दिवसांनी न्यूमोनियाने मरते, दोष बाटलीला लागतो. म्हणून फोनवरच सांगायचं: तोंडातून काही देऊ नका, दोन्ही बाजूंना पोती लावून छातीवर बसती ठेवा, दर दोन-तीन तासांनी कूस बदला. पुढच्या वेताआधीची तजवीज वैरणीतच आहे. वाढ्यावर आदल्या रात्री चुन्याची निवळी शिंपडायची, निम्मी तरी वाळली वैरण मिसळायची, रोज 50 ग्रॅम क्षारमिश्रण. सांगितलेलं किती जण करतात ते विचारू नका.

कोरड्या पट्ट्यातलं सगळ्यात घातकी दुखणं म्हणजे कोवळ्या ज्वारीची किराळ. रब्बी ज्वारीची पेरणी सप्टेंबर-ऑक्टोबरची, मालदांडी वाण मूळचा मोहोळच्याच संशोधन केंद्राचा. गुडघ्याएवढ्या पिकात हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइडचं विष, तयार होण्याची शक्यता सर्वांत जास्त. पाण्याचा ताण बसून पीक खुरटलं आणि मग हलकी सर आली तर आणखी जास्त. काढणीनंतर धाटांना फुटणारे कोंबही तसेच. जनावर दावं तोडून पिकात शिरतं, किंवा भुकेलेल्या जनावराला कुणीतरी हिरवं म्हणून ओंजळभर टाकतं. त्यानंतर पंधरा मिनिटं ते तासभर, एवढाच काय तो वेळ. धाप, तोंडाला फेस, लटपटणं, कोसळणं, पाय ताणणं. गावातून फोन येईपर्यंत एखादं जनावर गेलेलं असतं, आपण जातो ते उरलेल्यांसाठी.

निदान डोळ्यांनीच होतं. पापणी उलटून बघा, आतली त्वचा चेरीसारखी लालभडक. सुईने काढलेलं रक्तही तसंच लाल. सायनाइड पेशींमधल्या सायटोक्रोम ऑक्सिडेजला चिकटतं, पेशींना प्राणवायू वापरता येत नाही, तो रक्तातच राहतो, म्हणून रक्त लाल दिसतं. उपचार पुस्तकातलाच, पण हाताशी असेल तर. मोठ्या जनावराला सोडियम नायट्राइट 3 ग्रॅम आणि सोडियम थायोसल्फेट 15 ग्रॅम, 200 मिली ऊर्ध्वपातित पाण्यात, शिरेतून सावकाश. शेळी-मेंढीला 1 ग्रॅम आणि अडीच ग्रॅम, 50 मिलीत. नायट्राइट रक्ताच्या थोड्या भागाचं मेथहिमोग्लोबिन करतं, ते सायनाइडला आपल्याकडे खेचून घेतं, आणि थायोसल्फेट त्याचं थायोसायनेट करून लघवीवाटे बाहेर काढतं. सोबत 30 ग्रॅम थायोसल्फेट पाण्यातून नळीने पोटात, म्हणजे कोठीपोटात अजून सुटत असलेलं विष तिथल्या तिथे बांधलं जातं.

अडचण ही, की ही दोन्ही रसायनं तयार इंजेक्शन म्हणून तालुक्याच्या मेडिकलात सहसा मिळत नाहीत. पेरणी झाली की आधीच वजन करून, लेबल लावून, कोरड्या पुड्या तयार ठेवाव्या लागतात. पाण्यात विरघळवायच्या ते ऐनवेळी, आधी नाही. तराजू मोटारसायकलवर नेता येत नाही, आणि अंदाजाने टाकलेलं नायट्राइट जास्त झालं तर रक्तदाब कोसळतो आणि रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकदच जाते. पुडी नसेल तर नुसतं थायोसल्फेटही बरंच काम करतं, तेवढं तरी पिशवीत असावं.

आणि इथेच एक सापळा आहे. चाऱ्यासाठी पेरलेल्या ज्वारी, मका, बाजरीला युरियाचा मारा झाला आणि पाऊस दडला, तर धाटात नायट्रेट साठतं आणि कोठीपोटात त्याचं नायट्राइट होतं. तेही खाऊन जनावर असंच धापतं, असंच कोसळतं. पण त्याचं रक्त चॉकलेटी तपकिरी निघतं. त्याला मिथिलीन ब्लूचं एक टक्क्याचं द्रावण लागतं. घाईत किराळ समजून सोडियम नायट्राइट दिलं तर त्याच विषाचा आणखी डोस आपण स्वतः दिला. म्हणून कितीही आरडाओरडा चालू असला तरी आधी पांढऱ्या कापसावर रक्ताचे चार थेंब घ्यायचे आणि उजेडात रंग बघायचा. एवढ्याला अर्धं मिनिट लागतं.

शेतकऱ्याला सांगायचं ते सरळ आहे. पोटरी-फुलोऱ्याआधी हिरवी ज्वारी टाकू नका, कापून उन्हात चांगली वाळू द्या, भुकेल्या जनावराला पिकाच्या बांधावर चारू नका. किराळीपुरती वाळलेल्या कडब्याची भीती नाही. पिक्रेट कागदाची चाचणी मात्र जरूर करून दाखवावी. परीक्षानळीत पानाचा चुरा, दोन थेंब क्लोरोफॉर्म, वर पिवळा कागद टांगून बूच लावायचं. कागद विटकरी झाला की लोक मान डोलावतात. दहा मिनिटांच्या भाषणाने ते होत नाही.

लग्नसराईत वेगळी तऱ्हा. उरलेला भात, पोळ्या, बुंदी गाईला घालणं हे पुण्याचं काम समजतात, आणि गाय पाटीभर खाते. फेब्रुवारी-मार्चमध्ये खळ्यावर ज्वारीच्या राशीला तोंड लागलं तरी तेच. कोठीपोटात पिष्टाचं झपाट्याने लॅक्टिक आम्ल होतं. बारा ते चोवीस तासांत खाणं बंद, रवंथ बंद, डाव्या बाजूला हलवलं की पाण्याने भरलेल्या घागरीसारखा आवाज, आणि आंबट वासाची पातळ हगवण. नळीने थोडं पोटातलं पाणी काढून पीएच कागद लावायचा. नळीबरोबर लाळ येते आणि लाळ अल्कधर्मी, म्हणून पहिला पेला-दोन पेले टाकून द्या, नाहीतर आकडा फसवा येतो. साडेपाचच्या खाली आला की आम्लता पक्की. सूक्ष्मदर्शक असेल तर एक थेंब बघा. निरोगी द्रवात प्रोटोझोआ वळवळताना दिसतात, इथे सगळं निपचित.

पोटात मॅग्नेशियम हायड्रॉक्साइड, वजनाच्या हिशेबाने साधारण किलोला एक ग्रॅम, कोमट पाण्यातून. शिरेतून सोडाबायकार्ब आणि सलाईन. मग दुसऱ्या निरोगी जनावराच्या कोठीपोटातला ताजा द्रव तीन-चार लिटर गाळून नळीने. हा शेवटचा भाग लोक टाळतात, कारण घाण काम आहे. पण जंतूंची वसाहत परत बसल्याशिवाय गाय खायला लागत नाही. ठोके मिनिटाला शंभराच्या पुढे गेले असतील आणि गाय बसली असेल तर मालकाला आधीच खरं सांगावं, आणि पोट उघडून रिकामं करण्याची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात पाठवावं.

ठिबकमुळे आलेलं दुखणं जुन्या पुस्तकांत असं लिहिलेलं नसतं. बागेच्या कडेला पिंपात युरिया विरघळवून ठेवलेला असतो, तहानलेली म्हैस त्यात तोंड घालते. अर्ध्या तासात पोटदुखी, थरथर, पोटफुगी. नळी टाकली की डोळ्यांत पाणी आणणारा अमोनियाचा वास. इथे उपचार आम्लाचा: पाच टक्क्यांचं व्हिनेगर दोन ते सहा लिटर आणि भरपूर गार पाणी, वीस ते चाळीस लिटर. आम्लामुळे अमोनियाचं अमोनियम होतं आणि ते रक्तात कमी शोषलं जातं. गार पाण्याने पोटातल्या विकराचा वेग मंदावतो. इतकं व्हिनेगर खेड्यात कुठून आणायचं? हायवेवरच्या चायनीजच्या गाड्यावर. हसण्यावारी नेऊ नका, रात्री दहाला तेच एक उघडं असतं. आम्लता आणि युरिया या दोन दुखण्यांचे उपचार एकमेकांच्या बरोबर विरुद्ध आहेत, म्हणून पीएच कागदाची पट्टी पिशवीत नसेल तर घरून निघूच नये.

सांगोला, पंढरपूर, मंगळवेढ्याच्या डाळिंबपट्ट्यात फवारणीचं विष. झाडाखालचं गवत कापून शेळ्यांना घातलेलं असतं, वर काय फवारलं ते गडी विसरलेला असतो. ऑर्गेनोफॉस्फरस असेल तर लाळेच्या तारा, पातळ संडास, बाहुली टाचणीएवढी, स्नायूंची थरथर. ॲट्रोपिन किलोला 0.2 ते 0.5 मिलिग्रॅम, चौथा हिस्सा शिरेतून, बाकी स्नायूत किंवा कातडीखाली. आता गणित करा. तीनशे किलोच्या गाईला कमीत कमी 60 मिलिग्रॅम. माणसांच्या औषधदुकानात मिळणारी ॲम्प्युल 0.6 मिलिग्रॅमची, म्हणजे शंभर ॲम्प्युल. शेळीला तीस किलोच्या मानाने दहा पुरतात, म्हणून शेळ्या वाचतात आणि गाई जातात. लाळ थांबली आणि बाहुली मोठी व्हायला लागली की पुरे. आणखी देत राहिलात तर कोठीपोट थांबून पोटफुगी होते. अंगावर विष उडालेलं असेल तर साबणपाण्याने धुवा, हातमोजे घालून.

लाल लघवी करणारी म्हैस आली की बहुतेकांच्या डोक्यात पहिल्यांदा गोचीडताप येतो. थर्मामीटर लावा. व्याल्यानंतरच्या पहिल्या महिन्याभरातली दुधाळ म्हैस, ताप नाही, लघवी कॉफीसारखी: स्फुरद कमी पडलेलं असतं. लघवी काचेच्या भांड्यात तासभर ठेवली की तळाला रक्त न बसता सगळीच लाल राहते. सोडियम ॲसिड फॉस्फेट 60 ग्रॅम, 300 मिली ऊर्ध्वपातित पाण्यात, निर्जंतुक करून शिरेतून, आणि तेवढंच तोंडाने. ताप असेल, अंगावर गोचीड असतील आणि संकरित गाय असेल, तर कानाच्या शिरेतून रक्ताचा थेंब घेऊन काचपट्टी करा.

काचपट्टीचं एवढंच सांगतो की दुपारच्या वाऱ्यात ती करू नये, धूळ बसते आणि धुळीचे कण बाबेशिया (गोचीडतापाचा परजीवी) म्हणून वाचले जातात. थायलेरियात (गोचिडांमुळेच होणारा दुसरा ताप) खांद्यापुढची गाठ लिंबाएवढी होते. बुपार्वाक्वोन किलोला अडीच मिलिग्रॅम, चारशे किलोच्या गाईला 20 मिली, मानेच्या स्नायूत खोल, दोन जागी वाटून. गोचीड गाईवर जेवढे दिसतात त्याहून जास्त गोठ्याच्या भिंतींच्या भेगांत असतात. भेगा बुजवल्याशिवाय इंजेक्शनचा खर्च दर वर्षी ठरलेला.

गर्भतपासणी आणि कृत्रिम रेतन हा भाग रोजचा, आणि हात बसायला वेळ घेणारा. बोटं एकत्र मिटून, हातमोज्याला लिक्विड पॅराफिन लावून गुदद्वारातून आत जायचं. लाट आली की हात थांबवायचा, लाटेविरुद्ध ढकलायचा नाही. मोज्यावर ताजं रक्त दिसलं की तपासणी तिथेच बंद. तीन महिन्यांच्या आत भरलेलं मूत्राशय गर्भाशय म्हणून सांगितलं जाण्याची चूक सर्रास होते, म्हणून आधी गर्भाशयाचं मुख सापडवा आणि तिथून पुढे जा. रेतमात्रा उणे 196 अंशांच्या नायट्रोजनमधून काढून 37 अंशांच्या पाण्यात 30 सेकंद. हिवाळ्यात पाणी कोमट करावं लागतं हे सगळ्यांना ठाऊक असतं. मे महिन्यात सोलापुरात छतावरच्या टाकीचं पाणी त्याहून गरम असतं हे लक्षात राहत नाही, आणि शुक्राणू रेतनळीतच मरतात. माठातलं पाणी मिसळून थर्मामीटरने 37 आणायचं. शिवाय उन्हाळ्यात म्हशीचा माज मुका असतो, रात्री किंवा पहाटे दिसतो. दुपारी बारा वाजता आणलेली म्हैस खरोखर माजावर आहे का हे सोट (माजाचा चिकट स्राव) बघूनच ठरवावं.

शेळ्या-मेंढ्यांच्या कामाची खरी घाई मे अखेरीस. पहिल्या पावसानंतरच्या कोवळ्या गवतावर कळपातलं सगळ्यात गुबगुबीत कोकरू रात्रीत मरतं, तो आंत्रविषार. लस पावसाच्या आधी, आणि पहिल्यांदा टोचत असाल तर दोन आठवड्यांनी दुसरी मात्रा. दुसरीला कळप चरत चरत कुठल्या कुठे गेलेला असतो. मेंढपाळ पुढचा मुक्काम कुठे करणार हे पहिल्या मात्रेच्या वेळीच विचारून, तिथल्या दवाखान्याला कळवून ठेवावं. जंताचं औषध पाजताना मेंढीचं तोंड आकाशाकडे करू नका. नाक डोळ्याच्या रेषेत, औषध गालाच्या कडेने, घोट-घोट. एका ओळीत दोनशे मेंढ्या असतात तेव्हा हात भराभर चालतो आणि पाच-सहांना ठसका लागतोच.

जनावर मेलं तर शवविच्छेदन, विम्यासाठी असो की कारण कळण्यासाठी. नाकातोंडातून, गुदद्वारातून न गोठलेलं काळसर रक्त येत असेल तर सुरी लावायची नाही. फाशीचा (अँथ्रॅक्स रोगाचा) संशय धरून कानातलं रक्त घेऊन आधी काचपट्टी तपासायची. उघडलेल्या शवातून त्याचे जंतू हवेत बीजाणू धरतात आणि ती जागा वर्षानुवर्षं दूषित राहते. बाकी वेळी विषाचा संशय असेल तर कोठीपोटातला ऐवज, यकृत, मूत्रपिंड वेगवेगळ्या बरण्यांत, बर्फावर, आणि फॉर्मेलिन अजिबात नको, ते रासायनिक तपासणीच निकामी करतं. ऊतीच्या तपासणीचा तुकडा मात्र दहा टक्के फॉर्मेलिनमध्ये, सेंटिमीटरहून जाड नाही आणि द्रावण दहापट. किराळीच्या संशयात बरणी काठोकाठ भरून घट्ट बंद करा, कारण सायनाइड उडून जातं आणि पुण्याला औंधच्या प्रयोगशाळेत पोचेपर्यंत काही उरत नाही. त्याच खोक्यात गव्हाणीतल्या वैरणीची एक पिशवी हवी, वेगळं लेबल लावून. ती घ्यायची ती शवाकडे वळण्याआधी, कारण आपण शव उघडत असताना घरचं कुणीतरी गव्हाण झाडून स्वच्छ करून ठेवतं.